खेळातला अनोळखी सवंगडी

ऑनलाइन खेळांविषयी पालकांची चिंता बहुधा मूल किती तास खेळते आणि पडद्यावर किती मारामारी पाहते या दोनच प्रश्नांभोवती फिरते; वास्तविक अल्पवयीन मुलांच्या दृष्टीने त्याहून जोखमीची गोष्ट म्हणजे अनोळखी खेळाडूंशी लिहून किंवा बोलून संवाद साधण्याची सोय, कारण क्षणार्धात जमणाऱ्या संघातील सोबत्याचे खरे वय आणि हेतू जाणून घेण्याचा कोणताही मार्ग मुलाजवळ नसतो.

या सोयीचा गैरफायदा ज्या रीतीने घेतला जातो तिला ‘ग्रूमिंग’ म्हणतात, म्हणजेच लैंगिक शोषणाच्या हेतूने मुलाचा विश्वास पायरीपायरीने संपादन करणे. आरंभी खेळात मदत केली जाते, मग ‘स्किन’, म्हणजे खेळातील पात्राचा विकत मिळणारा पेहराव, भेट म्हणून दिला जातो, पुढे ‘घरी सांगू नकोस’ असा आग्रह सुरू होतो आणि अखेरीस संभाषण खेळातून काढून दुसऱ्या ॲपवर नेले जाते, जिथे खेळ चालवणाऱ्या कंपनीची देखरेख पोहोचत नाही. यातील पहिल्या दोन पायऱ्या निव्वळ मैत्रीसारख्याच दिसतात, त्यामुळे धोका ओळखण्याची जबाबदारी मुलावर टाकणे अन्यायाचे ठरते.

ही जबाबदारी कंपनीचीही आहे, हे अमेरिकेतील ‘फोर्टनाइट’च्या प्रकरणात ठळकपणे पुढे आले. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने या खेळाच्या ‘एपिक गेम्स’ या कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीत, मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपाबरोबरच, लेखी आणि आवाजी संवाद मुलांसाठीही मुळातच चालू ठेवल्यामुळे त्यांना अनोळखी लोकांकडून धमक्या व छळ सोसावा लागला, असे म्हटले होते. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने बालगोपनीयतेच्या कायद्याखाली २७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला आणि मुलांसाठी व किशोरांसाठी हा संवाद आरंभी बंद ठेवण्याचे बंधनही तिच्यावर आले. दंडाच्या रकमेपेक्षा हे बंधन अधिक मोलाचे आहे, कारण बहुतेक घरांत सेटिंग ज्या स्थितीत मिळते त्याच स्थितीत राहते.

भारतात लैंगिक हेतूने बालकाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणे हा ‘पॉक्सो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा तो घडण्याची धास्ती वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून खेळातील ‘रिपोर्ट’चे बटण दाबले की कर्तव्य संपले, ही समजूत चुकीची आहे, त्या तक्रारीने फार तर एक खाते बंद होते आणि तीच व्यक्ती नव्या नावाने परतू शकते. समोरच्याला ब्लॉक करण्यापूर्वी त्याचे खेळातील नाव, तारीख, वेळ आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. मात्र मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र असल्यास ते नातेवाइकांना पाठवणे कटाक्षाने टाळावे, कारण त्याचा प्रसार हाही गुन्हाच आहे, आणि तो फोन तसाच पोलिसांच्या हाती द्यावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांविषयीच्या अशा सामग्रीची तक्रार नाव न सांगता करता येते, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक अहोरात्र चालू असतो.

इतक्या वाटा असूनही मूल गप्प राहते, त्याचे कारण पुष्कळदा घरातच असते: सांगितले तर फोन काढून घेतला जाईल, भेट का घेतलीस असे विचारले जाईल, खाते उघडताना वय वाढवून सांगितल्याचे उघड होईल. धमकावणारा नेमक्या याच भीतीवर विसंबून असतो. कायद्याच्या लेखी मात्र अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालकच आहे, खात्यात तिने कोणतेही जन्मवर्ष भरलेले असो.