धूर कमी झाला म्हणजे दोष गेला का?

वेल्ह्याहून केळदकडे जाताना वाटेत पासली हे गाव लागते. सह्याद्रीच्या माथ्याजवळचा हा पट्टा. पाऊस भरपूर, रस्ता चढउताराचा. अशा भागात नोकरी करणाऱ्या शिक्षकाला स्वतःचे वाहन हाच मोठा आधार असतो. पासलीच्या बाजूला शिकवणारे आमचे एक मित्र आजही आपली जुनी दोन स्ट्रोकची मोटरसायकल वापरतात. या मोटरसायकलने एकदा त्यांना चांगलेच अडचणीत आणले. तिचा दोष शोधताना आम्हाला जे दिसले, ते विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

तक्रार साधी होती. सायलेन्सरमधून दाट पांढुरका-निळसर धूर येई, प्लग वारंवार काळा व ओला होई आणि इंजिनाखाली तेलाचे डाग पडत. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगण्यात आले, "सर, घाटावरची हवा विरळ. पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटर सेट करून देतो." पेट्रोल कमी करण्यात आले. काही दिवसांत धूर खरोखरच कमी झाला आणि आमचे मित्र निर्धास्त झाले. पुढच्याच आठवड्यात ओल्या चढावर इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमध्ये अडकला आणि मागचे चाक एकदम थांबले. त्यांनी प्रसंगावधान राखून क्लच दाबला, म्हणून चाक पुन्हा फिरू लागले आणि ते पडता पडता वाचले.

धूर तर कमी झाला होता. मग दट्ट्या का अडकला?

दोन तेले, एक भिंत

याचे उत्तर दोन स्ट्रोक इंजिनाच्या रचनेत आहे. १९७२ साली तयार होऊ लागलेली लूना, त्याच वर्षीची बजाज चेतक, पुढे १९८५ मध्ये आलेली यामाहा आर.एक्स. १०० ही सारी या इंजिनाची आपल्या ओळखीची उदाहरणे. २००० सालच्या प्रदूषण नियमांनंतर अशी वाहने हळूहळू मागे पडली, पण जपून ठेवलेली कितीतरी अजून रस्त्यावर दिसतात.

या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही. ते आधी दट्ट्याच्या खालच्या बंद कप्प्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, जाते. दट्ट्या वर गेला की खालच्या कप्प्यातला दाब कमी होतो आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढते. थोडक्यात, हा कप्पा पंपाचे काम करतो. त्यामुळे त्यात चार स्ट्रोक इंजिनासारखे तेल साठवून ठेवता येत नाही. वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते, दट्ट्याला व बेअरिंगांना वंगण देते आणि शेवटी जळून जाते.

गिअर आणि क्लच यांचे तेल मात्र वेगळे असते. ते शेजारच्या कप्प्यात असते आणि ते जळायचे नसते. दोन कप्प्यांमधल्या भिंतीतून क्रँकचा दांडा आरपार जातो. त्याच्याभोवती लहान मुलीच्या बांगडीएवढे रबरी कडे बसवलेले असते. हेच ऑईल सील. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, मॅग्नेटच्या बाजूला, असेच आणखी एक सील असते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सीलवरचा दाब सेकंदाला ५० वेळा कमी-जास्त होतो. वर्षानुवर्षे असे चालले आणि मध्येच गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की रबर कडक होते व त्याची कड झिजते.

मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले, तर बाहेरची हवा आत शिरते. क्लचच्या बाजूचे गेले, तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि जळते. जमिनीवर थेंबही न पडता होणारी ही गळती आहे.

विरळ हवेचा हिशेब

आम्ही आधी गॅरेजमधले कारण तपासले. वेल्हे-केळदचा परिसर पुण्यापेक्षा फार तर दोन-तीनशे मीटर उंच. दर १०० मीटर उंचीला हवेची घनता साधारण १ टक्क्याने घटते, म्हणजे येथे फार तर ३ टक्के घट. त्यातही कार्बोरेटर हवेबरोबर पेट्रोलही थोडे कमी ओढतो. हवेच्या प्रवाहामुळे निर्माण होणारा दाबातला फरक घनतेच्या प्रमाणात बदलतो आणि पेट्रोलचा प्रवाह त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण वाढते ते जेमतेम दीड टक्का. गाडी १४०३ मीटर उंचीच्या तोरण्याच्या माथ्यावर नेता आली असती, तरी पुण्याच्या तुलनेत हा फरक चार टक्क्यांच्या आसपासच राहिला असता. तेवढ्याने असा दाट धूर येत नाही.

उलट आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असल्याने त्याला सुमारे ९ किलो हवा पुरते. हिशेब केला, तर या मिश्र इंधनाला सुमारे १३.५ किलो हवा लागते. म्हणजे जुन्या कार्बोरेटरमध्ये काहीही न बदलता मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी 'पातळ' झालेले असते. पातळ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. अशा गाडीचे पेट्रोल आणखी कमी करणे ही उलट्या दिशेची दुरुस्ती होती.

खडूची पूड आणि मोजपात्र

बाहेरच्या डागांचा उगम शोधायला आम्ही शाळेतलीच वस्तू वापरली. थंड इंजिन रॉकेलच्या फडक्याने पुसले, पूर्ण वाळू दिले आणि जोडांवर खडूची बारीक पूड भुरभुरली. दट्ट्या सुदैवाने थंड झाल्यावर सुटला होता, म्हणून इंजिन जागेवरच थोडा वेळ हळू चालवता आले. तेल नेहमी खाली ओघळते आणि चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे सरकते. म्हणून सर्वांत खालचा डाग फसवा असतो, सर्वांत वरची व पुढची ओली जागा उगमाजवळची. पूड फक्त एकाच ठिकाणी ओली झाली: सिलिंडर आणि सायलेन्सरची नळी यांच्या जोडावर. तिथे येणारे काळे तेल म्हणजे इंजिनातून न जळता बाहेर पडलेले तेल. म्हणजे बाहेरची गळती हे आतल्या गळतीचे शेवटचे टोक होते.

मग गिअरचे तेल काढून मोजपात्रात मोजले. मित्रांच्या वहीत नोंद होती: सुमारे ९०० किलोमीटरपूर्वी ६५० मिलिलिटर भरले. निघाले ३००. गेलेले ३५० मिलिलिटर इंजिनात जळाले होते. लिटरला ४० किलोमीटर धरले, तर या अंतराला साडेबावीस लिटर पेट्रोल लागले. लिटरला २५ मिलिलिटर या मापाने त्यात सुमारे ५६० मिलिलिटर टू-टी तेल गेले. जळणारे तेल दीडपटीहून अधिक झाले होते. धुराचा उगम कळला.

आता त्या कोड्याकडे येऊ. गिअरच्या कप्प्यातले तेल निम्म्याहून खाली गेले, तेव्हा झिजलेल्या सीलपर्यंत तेल नीट पोहोचेना, विशेषतः गाडी चढावर कलली की. मग त्याच फटीतून तेलाऐवजी हवा ओढली जाऊ लागली. धूर कमी झाला, तो कार्बोरेटर सेट केल्यामुळे नव्हे, जळायला तेलच उरले नव्हते म्हणून. इथेनॉलने आधीच पातळ झालेले मिश्रण स्क्रूने आणखी पातळ झाले होते, त्यात ही हवा मिसळली. पातळ मिश्रणाने दट्ट्या जास्त तापतो. शिवाय या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले, म्हणून पेट्रोल कमी केले की वंगणही कमी. तापलेला दट्ट्या फुगला आणि अडकला.

आधी गळती, मग कार्बोरेटर

खात्रीसाठी आम्ही पंक्चरवाल्याची पद्धत वापरली. सायलेन्सर व कार्बोरेटर काढून त्यांची तोंडे जुन्या ट्यूबच्या रबराने व पट्ट्यांनी बंद केली आणि सायकलच्या व्हॉल्व्हमधून हातपंपाने थोडीशीच, चौरस सेंटिमीटरला ०.४ किलोच्या आसपास, हवा भरली. दाब भराभर उतरला. साबणाचे पाणी लावले तरी बाहेरच्या जोडांवर आणि मॅग्नेटच्या सीलवर बुडबुडा नाही. पण गिअरच्या तेलाच्या टोपणातून हवा येत होती. क्लचकडचे सील फुटल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? दोन्ही सिले बदलली, सिलिंडरवरचे ओरखडे साफ करून घेतले, आणि दाब टिकतो हे पाहिल्यावरच कार्बोरेटरला हात लावला.

कार्बोरेटरचे भाग मुठीच्या वेगवेगळ्या स्थितींत काम करतात. मूठ बंद किंवा जेमतेम उघडी असताना लहान जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण उघडी असताना सुई, पूर्ण उघडल्यावर मुख्य जेट. म्हणून त्रास मुठीच्या कोणत्या स्थितीत होतो हे आधी पाहावे. चढावरचा दोष एअर स्क्रूने जात नाही.

इंजिन काही किलोमीटर चालवून गरम करावे आणि बंद करावे. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून दीड फेरा बाहेर घ्यावा. इंजिन सुरू करून तो पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवावा आणि इंजिन सर्वांत जलद व एकसारखे चालेल तिथे थांबावे. मग 'स्लो'च्या स्क्रूने वेग कमी करावा. मूठ सोडल्यावर वेग लगेच उतरला नाही, तर मिश्रण पातळ आहे किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. इथेनॉलमुळे आलेला पातळपणा भरून काढायला आम्ही सुईवरची क्लिप एक खाच खाली घेतली, त्याने सुई वर उचलली जाते, आणि मुख्य जेट एक माप मोठा बसवला. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच चढ. शेवटी प्लगचा रंग फिकट तपकिरी आला. तेव्हापासून वहीत दर महिन्याला गिअरच्या तेलाची पातळी लिहिली जाते.

वर्गात काय नेता येईल?

चालू इंजिनाजवळ मुलांना नेऊ नये. पण साबणाच्या पाण्याने ट्यूबमधली गळती शोधता येते. पाण्यात उभ्या धरलेल्या नळीच्या वरच्या तोंडासमोरून दुसऱ्या नळीने जोरात फुंकले, तर पाणी वर चढून तुषार उडतात. हाच कार्बोरेटरचा गाभा.

त्याहून महत्त्वाचा आहे तो प्रश्न: आपण एक गोष्ट बदलली, त्याच काळात दुसरे काय बदलले? भाताच्या रोपांना खत घातले आणि रोपे वाढली, पण त्याच आठवड्यात पाऊसही झाला. श्रेय कोणाला द्यायचे? मुलांना हे ठरवता यावे म्हणून एक वाफा बिनखताचा ठेवायला सांगावा. आमच्या मित्रांना असा वाफा ठेवता येणार नव्हता. पण गॅरेजमध्ये गाडी देण्यापूर्वी तेल मोजले असते, तर कार्बोरेटर सेट करण्याऐवजी सीलच बदलले गेले असते.