संगणकातला तंबोरा हरवतो तेव्हा

मिरज हे तंतुवाद्यांचे माहेरघर, आणि लोंढ्याहून बेळगावमार्गे गाडीच्या सरळ वाटेवरचे. गवसणीत गुंडाळलेला तंबोरा तेथून जपून आणण्याची रीत आमच्या या टापूतील गाणाऱ्या घरांना नवी नाही. आता मात्र अनेक घरांत अभंगांचे ध्वनिमुद्रण संगणकावर होते, आणि तंबोरा, तबला, पेटी ही साथही संगणकातच वसते. मुख्य सॉफ्टवेअरला जोडून चालणाऱ्या अशा वाद्याला ‘प्लग-इन’ म्हणतात. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि ही सोय घरोघर पोहोचली.

सोयीबरोबर एक धोकाही आला. संगणक बदलला, जुने काम उघडले, की आजोबांचा आवाज ऐकू येतो, पण साथ मुकी! पडद्यावर सूचना झळकते: प्लग-इन सापडत नाही. याचे कारण असे की, कामाच्या फाइलमध्ये वाद्य नसतेच. वाद्याचे नाव, ते कसे लावले होते याची नोंद आणि वाजवायचे सूर, एवढेच असते. आजोबा हयात नसतील, तर ती बैठक पुन्हा जमवता येत नाही. म्हणून घाई करू नये.

प्रथम त्या फाइलची प्रत काढावी आणि प्रतीवरच काम करावे. मग हरवलेल्या प्लग-इनचे नाव व आवृत्ती कागदावर टिपून घ्यावी. ते नव्या संगणकावर बसवलेच नसेल, तर तीच आवृत्ती मिळवून बसवावी व तिचा परवाना पुन्हा नोंदवावा. बसवले असूनही दिसत नसेल, तर ते भलत्या फोल्डरात गेले असण्याचा संभव अधिक.

व्हीएसटी ३ ही आवृत्ती २००८ साली आली, आणि तिची जागा ठरलेली आहे. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवरील प्रोग्रॅम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी ३. मॅकवर लायब्ररी, त्यात ऑडिओ, त्यात प्लग-इन्स. जुन्या व्हीएसटी २ ला विंडोजमध्ये अशी एक ठरीव जागा नव्हती. तिच्यासाठी एकच फोल्डर नेमावे, सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता द्यावा आणि पुन्हा शोध घ्यायला लावावे.

लोंढ्याच्या ज्येष्ठ वाचकांना मीटरगेजचे दिवस आठवत असतील. १९९० च्या दशकात मार्ग रुंद झाले आणि जुने डबे नव्या रुळांवर निरुपयोगी ठरले. ३२ बिटांचे प्लग-इन ६४ बिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा असेच अडते. तेथे ६४ बिटांची आवृत्तीच घ्यावी लागते. तसेच मॅकवरील ‘ऑडिओ युनिट’ विंडोजवर चालत नाही.

प्लग-इन सहसा लहान असते. ते ठरल्या जागीच राहू द्यावे. त्याचे ध्वनिनमुने मात्र कित्येक गिगाबाइट जागा व्यापतात. ते दुसऱ्या डिस्कवर खुशाल ठेवावेत. पण तिचे अक्षर कायमचे नेमून घ्यावे. आज ‘ई’ असलेली डिस्क उद्या ‘एफ’ झाली, की प्लग-इन दिसूनही वाद्य वाजत नाही.

हे सर्व साधले तरी कोणतीही आवृत्ती चिरंतन नाही. म्हणून काम संपताच प्रत्येक वाद्य, आणि गायकाचा आवाजही, एकाच आरंभबिंदूपासून वेगवेगळ्या वेव्ह फाइलींत उतरवावा. १९९१ पासून रूढ असलेली ही फाइल जवळजवळ सर्वच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. तिला मूळ वाद्याची गरज उरत नाही. शेजारी एक चिठ्ठी ठेवावी: गायकाचे नाव, तारीख, पट्टी काळी चार की पांढरी पाच, आणि लय.

सीमेपलीकडच्या आपल्या घरांत मराठी गाणे टिकले ते कंठांमुळे. ते कंठ नातवंडांना साथीसकट ऐकता यावेत, यासाठी अर्ध्या तासाची ही तजवीज फार नव्हे.