कुत्रा ‘अचानक’ चावत नाही : त्याचे इशारे कसे ओळखाल?

“डॉक्टर, आमचा कुत्रा कधीच कुणाला चावत नाही. आज अचानक काय झालं कळत नाही!” कुत्रा चावलेल्या मुलाला घेऊन आलेले पालक हे वाक्य हमखास बोलतात. मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा अनोळखी नसतो. तो घरातला, शेजारचा किंवा रोजच्या ओळखीचा असतो. चावण्याआधी बहुतेक वेळा त्याने ‘मला हे नको आहे’ असे सांगितलेले असते. आपल्याला ते समजलेले नसते.

कुत्रा अस्वस्थ असल्याची लक्षणे

सुरुवातीचे इशारे अगदी साधे असतात :
- झोप आलेली नसताना जांभई देणे
- समोर खाणे नसताना ओठ किंवा नाक चाटणे
- तोंड फिरवणे, उठून दूर जाणे
- कान मागे घेणे, शेपूट पायांत घालणे
- डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके बघणे

याकडे दुर्लक्ष झाले तर त्याचे अंग ताठ होते आणि तो एकदम स्तब्ध होतो. त्यानंतर गुरगुरणे, दात दाखवणे आणि शेवटी चावणे. काही वेळा हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते.

दोन नेहमीचे गैरसमज

*शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे :* नेहमीच नाही. अंग सैल असेल आणि कंबरेसकट शेपूट हलत असेल तर तो बहुधा आनंदात असतो. अंग ताठ आणि शेपूट उंच धरून हलवत असेल, तर तो चिडलेला असू शकतो.

*गुरगुरला की ओरडावे किंवा मारावे :* असे करू नका. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. त्यासाठी मार बसला तर कुत्रा सूचना देणे सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. गुरगुरला की मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि कुत्र्याला मोकळी जागा द्या.

घरात लहान मूल असेल तर

लहान मुलांना दात दाखवणारा कुत्रा हसतोय असे वाटू शकते. शिवाय मुलाची उंची कमी असल्याने चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसण्याचा धोका जास्त असतो. म्हणून :
- मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.
- खाताना, झोपेत किंवा पिल्लांजवळ असताना कुत्र्याला हात लावू देऊ नका.
- गळ्यात पडणे, पाठीवर बसणे, शेपूट ओढणे हे खेळ नव्हेत, हे मुलाला समजावून सांगा.

शांत कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला तर त्याला कान, दात किंवा सांधे दुखत असतील. पशुवैद्यांना दाखवा. वागणे अगदीच बदलले असेल, लाळ गळत असेल किंवा गिळता येत नसेल, तर रेबीजची शंका घ्या. त्याच्या जवळ न जाता पशुवैद्यांना कळवा.

चावल्यास काय कराल?

1. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान 15 मिनिटे धुवा.
2. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नका.
3. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नुसते ओरखडे असले तरी जा. लसीचे सर्व डोस ठरलेल्या दिवशी पूर्ण करा. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते.
4. चावलेल्या कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी उपचार थांबवू नका.

‘आपलाच कुत्रा आहे, त्याला लस दिली आहे’ म्हणून घरी बसू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर उपचार घेतल्यास हा आजार टाळता येतो.

आज घरी गेल्यावर पाच मिनिटे आपल्या कुत्र्याकडे नुसते बघा. तो कधी तोंड फिरवतो, कधी जांभई देतो, हे मुलांनाही दाखवा. त्याचे ‘नको’ घरातल्या प्रत्येकाला कळले, तर चावण्याचे अनेक प्रसंग टळतील.