कंपनीच्या साहेबाचा पगार : कागदावर किती, पदरात किती?

मृगाचा पाऊस पडला, की कृषी सेवा केंद्रासमोर मोटारसायकली लागू लागतात. पाठीला बॅग, अंगात कंपनीचा टी-शर्ट आणि तोंडात औषधांची नावे. गावात सगळ्यांनाच 'कंपनीवाले साहेब' म्हणतात. त्यातला जो चार-पाच फील्डवरच्या पोरांवर देखरेख ठेवतो, दुकानात माल लावतो आणि वसुलीही बघतो, तो सेल्स सुपरवायझर. कृषी पदविका किंवा पदवी झालेली आपलीच मुले या नोकरीत जातात. "पंचवीस हजार पगार, वर गाडीभत्ता," एवढे ऐकले की बापाला हायसे वाटते, सोयरीकही त्यावरच ठरते. तेव्हा शेतकरी बंधूंनो, हा आकडा एकदा सोलून बघू या.

हातात काय येते?

पगार कंपनीगणिक वेगळा असतो. हिशेब कळावा म्हणून वर्षाला ३ लाखांचे 'पॅकेज' धरू, म्हणजे महिना २५,००० रुपये. त्यात मूळ पगार १२,५००. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,५०० मुलाच्या पगारातून कापले जातात. कंपनीनेही तेवढेच भरायचे असतात, पण बऱ्याच ठिकाणी तेही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० रुपयेही तसेच. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. म्हणजे हातात आले २१,२०० च्या आसपास. निधीचा पैसा बुडत नाही, पुढे कामाला येतो. पण किराणा दुकानात तो चालत नाही.

आता गाडीचे बघा. रोज १०० किलोमीटर, २५ दिवस म्हणजे महिना २,५०० किलोमीटर. लिटरला ५० चे अ‍ॅव्हरेज धरले तर ५० लिटर पेट्रोल. लिटरला नुसते १०० रुपये धरले तरी ५,००० झाले. कंपनी किलोमीटरला ३ रुपये देते असे धरू, पण १,८०० किलोमीटरची मर्यादा घातली तर मिळणार ५,४००. उरले ४०० रुपये. त्यात ऑइल, टायर, चेन, पंक्चर सगळे भागवायचे. या हिशेबाने दोन वर्षांत गाडी ६०,००० किलोमीटर पळते. गाडी कंपनीची नाही, घरची असते, हे ध्यानात घ्या.

तालुक्याच्या गावी खोलीभाडे ४,०००, खानावळ ३,५००, गाडीचा हप्ता ३,०००, मोबाईल व किरकोळ ५००. झाले ११,०००. घरी पाठवायला राहिले दहा हजार आणि काही. हे एकट्या माणसाचे झाले. बायको-पोरे सोबत असली की खानावळ सुटते, पण शाळेची फी सुरू होते.

इन्सेंटिव्हचे गाजर

"पगार कमी असला तरी इन्सेंटिव्ह मिळतो," असे सांगतात. मिळतोही, पण तो टार्गेटवर आणि बहुतेक वेळा वसुलीवर असतो. शेतकरी औषध उधारीवर नेतो, सोयाबीन-कापूस घरात आल्यावर दुकानदाराला देतो, दुकानदार मग कंपनीला देतो. या साखळीच्या शेवटी सुपरवायझर उभा. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. असा खंड पडला, की फवारणी थांबते, माल कपाटात राहतो, हंगामाअखेर परत जातो आणि विक्री खात्यातून वजा होते. म्हणजे पाऊस आपल्या रानात पडला नाही, तरी त्याच्या पगारात दुष्काळ पडतो.

नियुक्तिपत्र वाचा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्मे तरी धरावे लागतात. मात्र एक मेख आहे. पर्यवेक्षक म्हणून काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. नुसता 'सुपरवायझर' हा हुद्दा बघून हुरळून जाऊ नका. पत्र कंपनीचे की ठेकेदाराचे, पक्का पगार किती, वसुली थकली तर पगार अडवणार का, गाडीभत्त्याला मर्यादा किती, अपघात विमा आहे का, हे आधी विचारा. उत्तरे तोंडी नकोत, लेखी घ्या.

आपला संबंध काय?

काही म्हणतील, त्याचा पगार त्याला लखलाभ, आम्हाला काय? संबंध आहे. ज्याचे पोट टार्गेटवर, त्याचा सल्लाही टार्गेटकडे झुकू शकतो. माणूस वाईट नसतो, महिनाअखेर वाईट असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसे दगावली. त्यामागे कारणे अनेक होती. पण औषध कोणते, किती आणि कशात मिसळून मारायचे, हे दुसऱ्याच्या सांगण्यावर सोडू नये, एवढे त्यातून शिकलेच पाहिजे.

म्हणून साहेबाचे ऐका, पण लेबल वाचून घ्या. आपले पीक आणि आपली कीड लेबलवर आहे का, ते बघा. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वांत जहाल. दोन-तीन औषधांचे मिश्रण कुणी सुचवले, तर आधी कृषी विद्यापीठाची शिफारस विचारा. बॅच नंबर टाकलेले पक्के बिल घ्या. ग्रामसेवक, सरपंच मंडळींनी ग्रामसभेत हा विषय एकदा जरूर घ्यावा.

आणि बांधावर आलेल्या पोराला पाणी जरूर विचारा. तोही कुणा शेतकऱ्याचाच मुलगा आहे. त्याला पाणी द्या, मान द्या. मात्र औषध घ्यायचे ते आपल्या पिकाची गरज बघूनच.