पीएचडी संपायच्या आधी पहिला ग्राहक शोधा

आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्याकडे दुकान टाकू पाहणारे येतात, मसाल्याचा धंदा करणाऱ्या ताई येतात, तसे पीएचडी करणारेही येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, प्राध्यापकाची जागा निघाली नाही तर पुढं काय?"

मी बीबीए झालेला दुकानदार. प्रबंध कसा लिहायचा हे मी सांगणार नाही. पण पैसे कोण देतो, का देतो आणि कधी देतो, हे गल्ल्यावर बसून रोज बघतो. त्यावरच बोलू.

आधी वस्तुस्थिती बघा. १ जुलै २०२३ पासून यूजीसीने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक केली. म्हणजे डॉक्टरेट हातात आली की नोकरी पक्की, असं राहिलं नाही. अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवत कायम जागेची वाट बघतात. तोवर वय तिशी ओलांडतं आणि घरचे विचारायला लागतात. वाट बघायला हरकत नाही, पण नुसती वाट बघणं म्हणजे प्लॅन नव्हे.

फलटणला जाऊन बघा

उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, लोक तिला 'नारी' म्हणतात. बी. व्ही. निंबकर यांनी ती १९६८ मध्ये सुरू केली. डॉ. अनिल राजवंशी यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून पीएचडी केली, तिथं काही काळ शिकवलं आणि १९८१ मध्ये ते सरळ फलटणला आले. पुढं गोड ज्वारीपासून अल्कोहोल, त्यावर चालणारी शेगडी, विजेवरची सायकल रिक्षा असं काम त्यांनी तालुक्याच्या गावात बसून केलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच संस्थेतल्या डॉ. चंदा निंबकर यांचं उदाहरण तर धंदेवाल्यानं पाठच करावं. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालच्या गरोळ मेंढीत जुळी होण्याचा गुण आहे. तो गुण स्थानिक मेंढीत आणायचा, हे काम. ऑस्ट्रेलियातली त्यांची पीएचडीही मेंढपाळाच्या याच प्रश्नाभोवती होती. त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी उभी राहिली. मेंढपाळ प्रबंध वाचत नाही, तो कोकरं मोजतो. एकाच्या जागी दोन दिसली की त्याला बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

'नारी' ही ना-नफा संस्था आहे, दुकान नव्हे. पण धडा आपल्या कामाचा आहे: विषय कुणाच्या तरी रोजच्या अडचणीला चिकटलेला असला की विद्यापीठाबाहेर जागा सापडते.

नोकरी सोडायच्या आधी दुकान

आता सांगली जिल्ह्यात या. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडं डॉक्टरेट नव्हती, पण ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. तिथं असतानाच १८८८ मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान सुरू झालं. नोकरी नंतर सुटली. पुढं लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. माल चांगला असूनही पहिली गिऱ्हाइकं मिळायला वेळ गेला. ते टिकले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी छोटा धंदा, मग नोकरीला रामराम, हा क्रम लक्षात ठेवा.

आता तुमचं काय?

पहिलं, दुसऱ्या वर्षापासून सुरुवात करा. महिन्यातले दोन दिवस लायब्ररी सोडून बाजारात काढा. रसायनशास्त्र असेल तर सांगलीच्या हळद आणि बेदाणा व्यापाऱ्यांकडं जा, मालाची तपासणी ते कुठून करून घेतात ते विचारा. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र असेल तर पतसंस्था आणि दूध संघ बघा, त्यांच्याकडं आकड्यांचे ढीग पडून असतात. इतिहास किंवा मराठी असेल तर साताऱ्याचे किल्ले, जुन्या संस्थांचे स्मृतिग्रंथ, पर्यटकांसाठी माहितीफेऱ्या, ही सगळी कामं आहेत.

दुसरं, तुमचा विषय एका वाक्यात सांगा, तोही व्यापाऱ्याला कळेल असा. "मी कर्क्युमिनच्या विश्लेषणावर काम करतो" असं नको. "तुमच्या हळदीचा दर्जा मी कागदावर सिद्ध करून देतो" असं म्हणा. साताऱ्यात कंदी पेढेवाला आधी पेढा हातावर ठेवतो, खव्याचं शास्त्र नंतर.

तिसरं, पैशाचं गणित. १ जानेवारी २०२३ पासून यूजीसीची जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे. त्यातले ७,००० बाजूला टाकले तर चार वर्षांत ३,३६,००० होतात. पीएमईजीपीसारख्या योजनेत खुल्या गटाला प्रकल्पाच्या १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. ही शिल्लक तिथं कामाला येते. ताजे नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. फेलोशिप नसेल तर ५०० रुपयांपासून सुरू करा, पण खातं वेगळं ठेवा.

चौथं, नियम पाळा. फेलोशिप चालू असताना दुसरं पगारी काम चालत नाही. म्हणून त्या काळात फक्त ओळखी, माहिती आणि नमुने जमवा. बिल फाडायच्या आधी गाइड आणि विद्यापीठाला विचारा. प्रयोगशाळेतल्या शोधावर हक्क कुणाचा, हेही लेखी घ्या.

आणि हो, पीएचडी अर्धवट सोडून धंद्यात उडी मारा असं मी म्हणत नाहीये. प्रबंध पूर्ण करा. चार-पाच वर्षं एकाच प्रश्नाला धरून राहायची सवय बाजारात फार कमी लोकांकडं असते. तेच तुमचं खरं भांडवल.

या आठवड्याचं होमवर्क

तुमच्या विषयाशी संबंधित तीन व्यावसायिकांना भेटा. काही विकू नका. एकच विचारा: "या कामात तुमचे पैसे सगळ्यात जास्त कुठं वाया जातात?" उत्तर वहीत लिहा. तिघांचं उत्तर जुळलं, तर तुमचा धंदा तिथंच आहे.