यंत्राची शीतनिद्रा आणि आत्याच्या ओव्या

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी माझी आत्या राहते. वय ८२. जात्यावरच्या किती ओव्या येतात, याचा हिशेब तिच्याकडेही नाही. वर्षभर मी दर शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे जातो, ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो आणि तिच्यासमोरच बसून लॅपटॉपवर उतरवून घेतो. समोर बसूनच, कारण कितीतरी शब्द कोशात सापडत नाहीत. अर्थ तिलाच विचारावा लागतो.

अडचण विजेची. पावसाळ्यात एका संध्याकाळी दोन-तीनदा तरी लाईट जाते. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. फाईल सेव्ह करता येते, हे खरं. पण काम म्हणजे नुसती फाईल नव्हे. ध्वनिमुद्रण कुठल्या ओवीपाशी थांबवलं होतं, शब्दांची यादी कुठं उघडी होती, मागचा पाठ कुठला पडताळत होतो, ही सगळी मांडामांड मोडते. लाईट आल्यावर ती पुन्हा जमवीपर्यंत आत्या उठून चुलीकडे गेलेली असते. ‘‘मघाशी सांगितलं की रे! परत काय विचारतोस?’’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे.

मी मराठीचा प्राध्यापक. संगणक हा माझा विषय नव्हे. लॅपटॉप २०१२ च्या सुमाराचा, त्यावर विंडोज ११ चालत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारी मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. म्हणून मुलीनं त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली घालून दिली. फुकट, आणि जुन्या यंत्रावरही चालणारी. मग मी तिलाच विचारलं, ‘‘याला बेडकासारखं झोपवता येत नाही का?’’

‘‘येतं बाबा. त्यालाच हायबरनेशन म्हणतात,’’ ती हसून म्हणाली.

फरक समजून घेण्यासारखा आहे. रॅम म्हणजे संगणकाचं कामाचं टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. वीज गेली की टेबलावरचं सगळं पुसलं जातं. साध्या ‘स्लीप’मध्ये टेबल तसंच राहतं, पण ते राखायला थोडी वीज लागतेच, बॅटरी संपली की खेळ खलास. शीतनिद्रेत टेबलावरचा सारा पसारा जसाच्या तसा कपाटात उतरवला जातो आणि यंत्र पूर्ण बंद होतं. मग आठ दिवस वीज नसली तरी बिघडत नाही. पुन्हा सुरू केलं की पसारा मूळ जागी हजर.

पण उबुंटूत ही सोय आयती मिळत नाही. सगळ्याच यंत्रांवर ती भरवशाची ठरत नसल्यामुळे २०१२ च्या १२.०४ या आवृत्तीपासून ती मेनूतून काढून ठेवली आहे. जुळवणी आपणच करायची.

पहिली गोष्ट जागेची. पसारा ठेवण्यासाठी डिस्कवर ‘स्वॅप’ नावाची जागा लागते. २०१७ पासून उबुंटू नव्यानं बसवताना स्वतंत्र कप्प्याऐवजी सहसा स्वॅपची एक फाईलच तयार होते. माझी रॅम ४ जीबी आणि ही फाईल २ जीबी. पायलीचं धान्य अधोलीत कसं मावणार? आम्ही ती काढून ६ जीबीची नवी केली. रॅमपेक्षा स्वॅप थोडी मोठी असलेली बरी.

मोठ्या उत्साहानं यंत्र झोपवलं. उठवलं, तर गडी कोरा करकरीत! काहीच आठवत नव्हतं. पसारा कपाटात गेला होता, पण कुठल्या कप्प्यात, हे सुरू होताना यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. ही दुसरी गोष्ट, पत्त्याची. डिस्कच्या ज्या भागावर फाईल आहे त्याचा ओळखक्रमांक आणि त्या भागात फाईल जिथून सुरू होते तो आकडा, असे दोन तपशील ‘ग्रब’ या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये लिहावे लागतात. स्वतंत्र कप्पा असेल तर ओळखक्रमांक पुरतो. आम्ही दोन्ही लिहिले, तरी फसलो. लिहून झाल्यावर ग्रबला ‘अपडेट’ची आज्ञा द्यावी लागते, तीच राहिली होती. ती दिली आणि तिसऱ्या खेपेला यंत्र शहाण्यासारखं जागं झालं. आता लाईट गेली की एक आज्ञा टाइप करतो. मिनिटभरात सगळं कपाटात. दहा मिनिटांची बॅटरी त्याला पुष्कळ झाली.

कुणाला करून बघायचं असेल, तर चार गोष्टी सांगून ठेवतो. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. पहिली चाचणी रिकाम्या यंत्रावर घ्या. काही यंत्रं झोपतात, पण उठताना पडदा काळाच राहतो. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर लिनक्स झोपलेलं असताना विंडोजमधून त्याच्या डिस्कला हात लावू नका. २०१२ नंतरच्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर ही सोय बहुधा अडते. आणि शीतनिद्रा आहे म्हणून सेव्ह करायचा आळस मुळीच नको.

गेल्या शनिवारी पुन्हा लाईट गेली. मी आज्ञा दिली, यंत्र मिटलं, आम्ही कंदिलाच्या उजेडात चहा घेतला. पाऊण तासानं लाईट आली आणि पडद्यावर तीच ओवी, तोच अर्धा लिहिलेला शब्द. आत्या वाकून बघत राहिली. ‘‘तिथंच आहे की रे!’’ म्हणाली, आणि आपण होऊन पुढची ओवी म्हणू लागली.

त्या संध्याकाळी अकरा ओव्या उतरल्या. आता येत्या शनिवारी जायचं आहे. आत्याजवळच्या ओव्यांना दुसरं कपाट नाही. ते मलाच भरायचं आहे.