मधुक कीं मधूक? कौटिलीय सुराध्यक्षांतील कांहीं द्रव्यांचा शोध

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसावा अध्याय ‘सुराध्यक्ष’ या नांवाचा आहे. पानगृहांची व्यवस्था, मद्यविक्रयाचे निर्बंध, पिणाऱ्यांवरील गुप्त नजर इत्यादि राज्यव्यवहाराचे विषय त्यांत आहेत. आणि त्यांच्याच मध्यें मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु या सहा पेयांचें विवेचन असून त्यांपैकीं कित्येकांच्या कृति वजनामापांसह दिल्या आहेत. राज्यशास्त्राचे अभ्यासक हा भाग बहुधा ओलांडून पुढें जातात. आम्हांस मात्र त्याकडे वळणें भाग पडलें. कारण त्यांतील एका शब्दाचा अर्थ आम्ही अनेक वर्षें चुकीचा सांगत आलों, अशी आमची आतां खात्री झाली आहे.

निमित्त घडलें तें असें. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पत्रांतून तिकडील एक मौजेची हकीकत कळविली. हॉलिवुड येथें १९३० नंतरच्या दशकांत ‘डॉन द बीचकोंबर’ नांवाचें एक पानगृह प्रसिद्धीस आलें. त्याचा मालक आपल्या मिश्रपेयांच्या कृति नोकरांसही उमगूं देत नसे. कुप्यांवर खऱ्या नांवांऐवजीं सांकेतिक नांवें व आंकडे घालीत असे. पुढें जेफ बेरी नामक संशोधकानें जुन्या नोकरांच्या टिपणवह्या धुंडाळून त्यांचा उलगडा केला व २००७ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. ‘डॉन्स मिक्स’ या गूढ नांवामागें चकोतऱ्याच्या जातीच्या एका फळाचा रस व दालचिनीचा पाक यांपलीकडे कांहीं नव्हतें! आपल्याकडे असा शोध कोणी केला आहे काय, असें त्यानें विचारलें होतें. उत्तर लिहावें म्हणून आम्ही कंगले यांची १९६० सालची आवृत्ति उघडली आणि आमचीच चूक आमच्यापुढें उभी राहिली.

मेदक व प्रसन्ना यांत घालावयाच्या ‘संभारा’ची, म्हणजे मसाल्याची, एक यादी या अध्यायांत आहे. पाठा, लोध्र, तेजोवती, एलावालुक, मधुक, मधुरसा, प्रियंगु, दारुहरिद्रा, मिरें व पिंपळी हीं तीं द्रव्यें. यांतील मधुक म्हणजे मोह, असें आम्ही वर्गांत सांगत असूं. आणि त्यावरून मोहाचें मद्य कौटिल्याच्या काळीं राजमान्य होतें, असा निष्कर्षही जोडून देत असूं. शिंदखेड्याच्या उत्तरेस तापी व तिच्यापलीकडे शिरपुराच्या पुढें सातपुडा. त्या बाजूनें शिकावयास आलेलीं भिल्ल व पावरा मुलें वर्गांत असत. ज्या मोहाच्या दारूपायीं त्यांच्या घरच्या माणसांना इतर लोक नांवें ठेवीत, ती चाणक्याच्या ग्रंथांत आहे असें ऐकून तीं मुलें ताठ बसत. यामुळें हा अर्थ आम्हांसही प्रिय झाला होता. प्रिय अर्थाची फेरतपासणी मनुष्य सहसा करीत नाहीं.

आतां शब्द पाहूं. ह्रस्व उकाराचा ‘मधुक’ हा कोशांत व वैद्यकांत मुख्यतः ज्येष्ठमधाचा वाचक आहे. दीर्घ उकाराचा ‘मधूक’ म्हणजे मोहवृक्ष. अमरकोशांत हे दोन शब्द निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या पर्यायांसह येतात. मोहास तेथें ‘गुडपुष्प’ असें सार्थ नांव आहे, तर ज्येष्ठमधास ‘यष्टिमधुक’. आमच्या ग्रंथांतील पाठ ह्रस्वाचा आहे. तथापि लेखकाच्या हातून ह्रस्वाचें दीर्घ व दीर्घाचें ह्रस्व सहज होतें, आणि हा भाग गद्य असल्यामुळें वृत्ताचा आधार घेऊन चूक पकडतां येत नाहीं. तेव्हां केवळ उकारावर निकाल देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

निकाल मापानें होतो. या संभाराचें प्रमाण पांच कर्ष सांगितलें आहे. कर्ष म्हणजे सोळा माष; पांच गुंजांचा माष धरल्यास ऐंशी गुंजा. आपला जुना तोळा शहाण्णव गुंजांचा असे. म्हणजे पांच कर्ष हे चार तोळ्यांहून किंचित् अधिक भरतात; आणि हें माप सर्व द्रव्यांचें मिळून घ्या किंवा प्रत्येकाचें वेगळें घ्या, मुद्दा तोच राहतो. मोहाच्या फुलांचें कार्य मद्यास गोडी, म्हणजेच आंबण्याजोगी साखर, पुरविण्याचें आहे. ज्यानें मोहाचा भट्टीचा माल पाहिला आहे तो चार तोळे फुलें ऐकून हंसेल. तेथें फुलें टोपलीनें लागतात. ज्या द्रव्यांतून मद्य उत्पन्न व्हावयाचें त्यांचें माप कौटिल्य आढक, द्रोण किंवा तुला यांनीं देतो. कर्षानें मोजतो तो केवळ मसाला. लोध्र, दारुहळद, मिरें यांच्या पंक्तीस चार तोळे ज्येष्ठमध शोभतो, मोह शोभत नाहीं. म्हणून या स्थळीं मधुक म्हणजे ज्येष्ठमध हाच अर्थ आम्ही आतां स्वीकारतों आणि पूर्वींचा मागें घेतों.

हीच मापाची कसोटी आसवास लावून पाहिली. त्यांत कवठ एक तुला, म्हणजे शंभर पळें. फाणित पांच तुला. आणि मध एक प्रस्थ. फाणित म्हणजे उंसाचा आटवलेला पातळ रस, आपली काकवी. महाशिवरात्रीस कवठाचा गर गुळांत कालवून खाणाऱ्या आमच्या लोकांस या जोडीचें नवल वाटूं नये. याच कृतींतील ‘मधु’ हा मध आहे. परंतु थोडें पुढें गेल्यावर ‘मधु’ म्हणजे द्राक्षरसाचें मद्य अशी व्याख्या येते व त्याचे कापिशायन आणि हारहूरक असे देशावरून पडलेले भेद सांगितले आहेत. कापिशी या नगरीच्या नांवावरून कापिशायन हा शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र घातलें आहे (४.२.९९). ही नगरी आजच्या अफगाणिस्थानांतील बेग्रामपाशीं होती. एकाच अध्यायांत एकच शब्द एकदां पोळ्यांतून व एकदां द्राक्षांच्या घडांतून येतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मधुरसेचीही अशीच गत आहे. अमरकोशांत हें नांव द्राक्षासही आहे व मूर्वा या वेलीसही. त्याच मूर्वेचें दुसरें नांव मोरटा. किण्व म्हणजे आंबवण सिद्ध करण्यास उडीद, तांदूळ व ‘मोरटादि’ द्रव्यें सांगितलीं आहेत, त्यावरून मूर्वा कौटिल्याच्या मद्यशाळेंत होतीच असें दिसतें. मग संभारांतील मधुरसाही तीच मानण्यास आमची हरकत नाहीं. चोच शब्द वाचून मुलें नेहमीं हंसत; पण आसवाच्या मसाल्यांतील चोच ही पक्ष्याची नसून दालचिनीची साल आहे. अमेरिकन पानगृहाच्या सांकेतिक कुपींतही दालचिनीच निघावी हा योगायोग गमतीचा खरा. प्रियंगु हें नांव राळ्याच्या धान्यासही आहे. वैद्य तें एका सुगंधी वनस्पतीस लावतात. आम्ही काष्ठौषधींच्या एका दुकानांत प्रियंगु मागितला तेव्हां गहुल्याची पुडी हातीं पडली आणि लोध्र म्हणून जी साल दिली ती दुसऱ्याच कसल्या तरी झाडाची होती. दुकानदार भला गृहस्थ. त्याच्या वडिलांनीं त्या डब्यावर तें नांव लिहून ठेवलें होतें, एवढेंच त्याचें प्रमाण.

सर्वांत अधिक दिवस घेतले ते मैरेयांतील मेषशृंगीनें. मैरेयासाठीं मेषशृंगीच्या सालीचा काढा, त्यांत गूळ, व पिंपळी-मिऱ्यांचा किंवा त्रिफळ्याचा मसाला सांगितला आहे. आजचे वैद्य मेषशृंगी म्हणजे बेडकीचा पाला, ज्यास हिंदींत गुडमार म्हणतात, ती वेल मानतात. तिचें पान चावून वर गूळ खाल्ला असतां तो मातीसारखा लागतो; हा प्रयोग आम्ही स्वतः केला असून अर्धा तास चहाही बेचव लागला. गुळाच्या पेयांत गोडी मारणारी वनस्पति कोणी कां घालावी? शिवाय तिचा गुण पानांत, आणि ग्रंथकार तर साल सांगतो. इकडे खानदेशच्या कोरड्या रानांत मेडशिंगी नांवाचें लहानसें झाड आहे. त्याच्या लांब वांकड्या शेंगा पाहिल्या कीं मेंढ्याचें शिंग आठवतें; वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्यास दिलेल्या ‘डॉलिकँड्रोन फाल्काटा’ या नांवांतील उत्तरपदही कोयत्याच्या वांकाचेंच दर्शक आहे. साल काढण्याजोगें खोड या झाडास आहे, वेलीस तसें नाहीं. जंगलखात्यांतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध पावरा गृहस्थांस आम्ही संस्कृत शब्दाचा केवळ अर्थ सांगितला, तों त्यांनीं विचार न करतां याच झाडाकडे बोट दाखविलें. वैद्यपरंपरेचा मान राखूनही या स्थळीं आमचें मत झाडाच्या बाजूचें आहे.

त्याच गृहस्थांनीं पुढें विचारलें, “मग आमचा मोह पुस्तकांत नाहींच काय, गुरुजी?” आम्हीं त्यांस चरकसंहितेचें सूत्रस्थान काढून दाखविलें. तेथें पंचविसाव्या अध्यायांत चौऱ्यायशीं आसवांची गणना असून त्यांत दहा फुलांचे आसव आहेत. कमळाच्या अनेक जातींनंतर मधूक, दीर्घ उकाराचा मधूक, तेथें स्पष्ट आलेला आहे. आणि त्याच गणांत धातकी, म्हणजे सातपुड्यांतील धायटी, हीही आहे. धायटीचीं फुलें आसवारिष्टें आंबविण्यासाठीं वैद्य आजही वापरतात. त्यांनीं तें पान बराच वेळ निरखून पाहिलें व त्या शब्दाखालीं पेन्सिलीनें रेघ ओढण्यास आम्हांस सांगितलें. ग्रंथावर रेघ ओढण्याची आम्हांस संवय नाहीं. पण या वेळीं ओढली.

जुन्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांचे पत्ते आम्हांपाशीं आहेत त्यांस ही दुरुस्ती पत्रानें कळविली आहे. मेडशिंगीची साल, शेंगा व वाळविलेलीं पानें यांचे नमुने आम्हीं जपून ठेविले आहेत. ज्या अभ्यासकांस तीं पाहावयाचीं असतील त्यांनीं शिंदखेड्यास यावें.